तात्याशास्त्र्यांची शिळा

सातारा, ११ जून १९९७

शरद,

सलाम. पत्रात आधी खुशाली विचारायची असते. पण अकरा वर्षं तुझी खुशाली मी विचारली नाही, आज विचारली तर तुला वाटेल की म्हातारी मरणाला टेकली. मी ठणठणीत आहे. दात तेवढे गेलेत, जीभ शाबूत आहे.

तुझं छापील पत्रक मिळालं. तू पाठवलं नाहीस, पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्या मंडळींना वाटलं, त्यात मलाही एक आलं. ‘स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव आणि आपला ख्रिस्ती वारसा.’ खाली चिटणीस म्हणून तुझं नाव आणि टाय लावलेला फोटो. साठीला टाय! निवृत्त झालेल्या माणसानं भाजी आणावी, नातवंडं खेळवावीत. तू वारसा शोधायला निघालास. बरं, शोधावा माणसानं. पण जो घरात पडलेला आहे तो सोडून दुसऱ्याच्या घरातला उचलून आणायचा, याला शोधणं म्हणत नाहीत.

पान चार मी तीनदा वाचलं. ‘वेदशास्त्रसंपन्न तात्याशास्त्री वाईकर यांनी कृष्णेच्या घाटावर मिशनरी साहेबांशी तीन दिवस वाद घातला आणि चौथ्या दिवशी जानवं नदीत सोडून प्रभूचा स्वीकार केला.’ तीन दिवस! मधे जेवायची सुट्टी तरी होती का रे? आणि साहेबाला मराठी किती येत होतं? चौथ्या दिवशी तो कंटाळून गेला नाही हेच आश्चर्य.

मंडळीची जुनी नोंदवही माझ्याकडे आहे, तुला ठाऊक आहे. वाळवीनं निम्मी खाल्ली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी ती नव्या वहीत उतरवते आहे. तुझ्या शास्त्र्यांचं पान वाळवीनं सोडलंय. ‘तात्याबा वायदंडे, जात मांग, धंदा दोर वळणे, वय अजमासे तीस. बायको रंगूबाई. मुलं दोन.’ एवढंच आहे. घाट नाही, जानवं नाही, वाद तर नाहीच नाही.

हेही सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण शेवटच्या पानावर आहे की पंधरा ऑगस्टला आपल्या कबरस्तानातली पणजोबांची, तात्याबांची ‘जीर्ण’ शिळा काढून तिथे काळ्या ग्रॅनाइटची नवी बसवणार, पाहुण्यांच्या हस्ते. जीर्ण कशाला म्हणतोस? काळा पाषाण आहे तो, तुझ्या-माझ्यापेक्षा टिकेल. म्हातारबांनी मरायच्या आधी पाथरवटाजवळ बसून ती स्वतः घडवून घेतली होती. नावाखाली ‘दोरवाला’ आणि कडेनं पिळाचा दोर कोरलेला. माणसानं स्वतःबद्दल सांगितलेली तेवढी एकच गोष्ट उरलीय, आणि ती तू पुसायला निघालास.

ख्रिस्ती देवळाच्या घंटेचा दोर आपलं घर वळायचं, चार पिढ्या. नाताळाच्या आधी सगळं घर देवळाच्या आवारात बसायचं, घायपाताच्या धाग्यांचा वाख काढलेला असायचा, आणि शेवटचा पीळ घरातल्या सगळ्यात लहान पोरानं घालायचा. ती रीत कोणामुळे मोडली? तुला हाताला घट्टे नको होते. तुझ्यापासून या घराचं नाक वर गेलं ते आता ग्रॅनाइटपर्यंत पोचलं.

शिळेला हात लावायला ये. मी तिथे उभी असेन.

चारुशीला

सातारा, २९ जून

शरद,

तुझं उत्तर पोचलं. पाच पानं! अकरा वर्षांची भरपाई एकदम केलीस.

तुझं म्हणणं नीट वाचलं, कारण मुख्याध्यापिकेला वाईट निबंधसुद्धा शेवटपर्यंत वाचावा लागतो. तू लिहितोस, ‘आक्का, देशाला पन्नास वर्षं झाली तरी लोक आपल्याला बाटगे म्हणतात, साहेबाची पिलावळ म्हणतात. विचारतात, तुम्ही या देशाला काय दिलंत? मी काय सांगू, दोर दिला?’

हो, दोर दिला म्हणून सांग. सांगायला जीभ का वळत नाही तुझी?

परवाचीच गोष्ट. आपल्या गल्लीच्या टोकाला सुभेदार हंबीरराव राहतात, फौजेतून निवृत्त झालेले. झेंडावंदनाचं निमंत्रण घेऊन आले. मिशा पिळत मला म्हणाले, “बाई, राग मानू नगा, पर तुमची मान्सं विंग्रजांच्या बरूबर आली व्हय हिकडं?”

मी म्हटलं, “सुभेदार, तुमचं गाव कोणतं?”

“फलटणच्या अलीकडं.”

“तिथे तुमची विहीर होती?”

“हाय की आजून. आता मोटर बसिवलीया.”

“मोटर नव्हती तेव्हा मोटेचा नाडा कुठून यायचा?”

म्हाताऱ्यानं मिशीवरचा हात काढला. मग म्हणाला, “साताऱ्याचा सयाजी वायदंडे द्यायचा. आमचं आजं दुसऱ्याचा नाडा घेतच न्हवतं. लय चिवट दोर. तुमचं कोन ते?”

“माझे वडील.”

“आवं मग तुमी आमच्यातल्याच की!” असं म्हणून दोन कप चहा पिऊन गेले. बघ, पन्नास वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर एका सुभेदाराला चहाच्या आत पटलं. तुला तेवढ्यासाठी ब्राह्मण लागला.

आणि तू मला ‘समाजाची प्रतिष्ठा’ शिकवू नकोस. शहाऐंशी साली तुझ्या मुकुलच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तू दाखला काढलास, ‘हिंदू मांग’. आठवतं? देवळात दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस. मी तेव्हा म्हटलं होतं की ज्या कारणानं आपल्याला शतकभर लाथा बसल्या त्याच कारणानं सवलत मिळायला हवी, धर्म बदलला म्हणून ती काढून घेणं हाच अन्याय आहे. पण त्यासाठी उघड भांड, चोरून कागद करू नकोस. तू म्हणालास, तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार. त्यावर मी बोलणं सोडलं.

आज तू त्याच तोंडानं वेदशास्त्रसंपन्न. म्हणजे पोराच्या कामासाठी मांग आणि पाहुण्यांसमोर ब्राह्मण. ख्रिस्ती कधी होतोस रे मधल्या वेळात?

लेकीला, मयूरीला पाठवतो आहेस असं लिहिलंस. पाठव. पोरीचा काही दोष नाही. पण ती गोड बोलून नोंदवही घेऊन जाईल असं मनात असेल तर ते काढून टाक.

चारुशीला

सातारा, १८ जुलै

शरद,

तुझी लेक चार दिवस राहून काल सांगलीच्या गाडीत बसली. येताना तुझ्याकडून भडंगाची पिशवी आणली होती. लाच म्हणून भडंग! दात नाहीत हे तुला कळवलं होतं.

पण मुलगी चांगली आहे. तू घडवली असशील असं वाटत नाही. इतिहासात एम. ए. करते म्हणाली, तेव्हा मला वाटलं की बापाचंच शेपूट. तर तिनं पहिल्या दिवशी पदर खोचला, म्हणजे ओढणी खोचली, आणि नोंदवहीची पानं एकेक करून पंख्यापासून दूर नेऊन वाचायला बसली. तात्याबांचं पान आलं तेव्हा तिनं ओळीखाली बोट धरून ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “आत्या, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजमधे मी सगळ्यांना शास्त्रीबुवांची गोष्ट सांगितलीय.”

मी म्हटलं, “आता ही सांग.”

“ही सांगितली तर माझ्या निम्म्या मैत्रिणी काही म्हणणार नाहीत, आणि काही न म्हणता डबा लांब सरकवतील.”

चोवीस वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. मी तिला कबरस्तानात नेलं. तिनं त्या कोरलेल्या दोरावरून बोट फिरवलं, शिळेवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला. तुझ्या महोत्सवाच्या प्रदर्शनात लावेल म्हणे. बघू तू लावू देतोस का.

जायच्या आदल्या दिवशी भाकऱ्या करताना तिनं विचारलं, “पण आत्या, शास्त्रीबुवांची गोष्ट पपांना सांगितली कुणी? पपांना अशी रचता येणार नाही. त्यांना साधं पत्र लिहायचं तर दोन दिवस लागतात.”

मी म्हटलं, असेल कुठे ऐकलेली, मंडळीत अशा गोष्टी फिरत असतात, ज्याला त्याला वाईचा एक ब्राह्मण पूर्वज हवाच असतो. ते खोटंही नाही. आपल्या मंडळीतल्या सगळ्यांचे पूर्वज खरोखर ब्राह्मण असते तर वाईत तेव्हा पूजेला माणूस उरला नसता.

तिनं पुन्हा विचारलं नाही. भाकरी करपली तेवढी.

शिळेबद्दल माझं म्हणणं तेच आहे.

चारुशीला

सातारा, ३ ऑगस्ट

शरद,

तुझं पाकीट काल आलं. पत्र नाही, नुसती झेरॉक्स. वर लाल पेनानं दोनच ओळी: ‘हा माझा पुरावा. लेखिका ओळखतेस का?’

ओळखते. ‘माझे विद्वान पणजोबा. ले. कु. चारुशीला स. वायदंडे, प्रथम वर्ष.’ सांगलीच्या अध्यापिका विद्यालयाचा वार्षिक अंक, १९५१. तीन दिवसांचा वाद, घाट, जानवं, सगळं आहे. तू एक अक्षरसुद्धा बदललं नाहीस. मयूरी म्हणते ते खरं, तुला रचता येत नाही.

सेहेचाळीस वर्षं तू हा अंक जपून ठेवशील असं मला वाटलं नव्हतं. मी माझा त्याच वर्षी जाळला होता.

आता ऐक. तुला कारण देते, माफी मागत नाही. वसतिगृहात माझ्या खोलीत भार्गवी होती, वाईची, चांगल्या घरची. मनानंही चांगली. खोलीत दोन माठ होते. ते दोन का, हे तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. एकदा तिनं सहज विचारलं, “तुमच्याकडे आधी कोण होते गं?” आणि माझ्या तोंडून निघालं, “वाईचेच. शास्त्री.” तिचा चेहरा असा खुलला! दुसऱ्या दिवशी एक माठ दारामागे गेला, मग बाहेर गेला. दिवाळीला ती मला वाईला घेऊन गेली. तिच्या आईनं मला पंक्तीत बसवून वाढलं. पुरणपोळीवर तूप घालताना म्हणाल्या, “काही झालं तरी रक्त कुठे जातं?”

शरद, मला ते जेवण गोड लागलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला राग यायला हवा होता. मी आणखी एक पोळी घेतली.

मग अंकासाठी लेख मागितले तेव्हा तीच गोष्ट नटवून दिली. छापलेलं असलं की कोणी विचारत नाही, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं, तुला साठाव्या वर्षी कळतंय.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की घंटेचा दोर वळायची रीत तुझ्यामुळे मोडली. ते खोटं आहे. अंक टपालानं घरी आला, आप्पांनी दिव्याजवळ धरून सगळा लेख वाचला. दोर वळता वळता शाळेत शिपाईही होते, पण वाचायचे छान. वाचून घडी घातली, ‘अक्षर ब्येस छापलंय’ एवढंच म्हणाले. त्या नाताळाला वाख भिजायला घातला नाही. बाजारातून तयार दोर आणला. मी विचारलंही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तू चौदा वर्षांचा होतास, शेवटचा पीळ घालायला हात धुऊन बसला होतास, आणि तुला कोणी बोलावलं नाही.

तर रीत मी मोडली. खोटं मी बोलले. आणि म्हणूनच पंधरा तारखेला ते मीच निस्तरणार. तू पाहुण्यांसमोर पडदा ओढायच्या आधी मी नोंदवही वाचणार आहे. तुला मान खाली घालावी लागेल, लागू दे. माझीही जाईल.

चारुशीला

सातारा, १७ ऑगस्ट

शरद,

तू चहा न घेता गेलास. ग्रॅनाइट आणणारा टेम्पोवाला मात्र पिऊन गेला.

जे झालं ते तू पाहिलंस, पण तू सगळा वेळ बुटांकडे बघत होतास म्हणून सांगते. मी वाचायला उभी राहिले तेव्हा पाळकसाहेबांनी हात जोडले, बाई, कार्यक्रमानंतर. मी वाचलंच. तात्याबा, मांग, दोर वळणे. मग म्हटलं, शास्त्रीबुवा ही माझी थाप आहे, माझ्या भावाची नाही. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. काय झालं? पाहुणे, ते धोतरवाले, घड्याळ बघून म्हणाले, “वा, वा! फार उद्बोधक.” आणि टाळ्या वाजल्या! मग त्यांनी भाषणात सांगितलं की या थोर भूमीत शास्त्री आणि श्रमिक एकाच कबरीत नांदतात. एकाच कबरीत, शरद! माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कबुली त्या माणसानं हारासारखी गळ्यात घालून घेतली. अशा लोकांना पटावं म्हणून तू शिळा घडवून आणलीस. अशा लोकांसाठी मी पुरणपोळी खाल्ली.

ग्रॅनाइट बसवू दिलं नाही, एवढं झालं. सुभेदार हंबीरराव जुन्या शिळेवर सरळ बसलेच. “ह्यो दगूड हालनार न्हाई, मी बी न्हाई,” म्हणाले. त्यांना कोणी बोलावलं होतं कोण जाणे. मयूरीनं असेल.

मी जिंकले होते. तेवढ्यात फाटकाजवळ तू मला गाठलंस. ओरडशील असं वाटलं होतं. तू हळू आवाजात म्हणालास, “आक्का, मला तेव्हाच माहीत होतं.” अंक आला त्या आठवड्यात तू आप्पांना विचारलंस, हे खरं आहे का? आणि आप्पा म्हणाले, “आक्कानं लिवलंय न्हवं? मग खरंच हाय. पुन्यांदा इचारायचं न्हाई. आन् कुनी इचारलं तर हेच सांगायचं.” म्हणून तू सांगत राहिलास.

एवढं बोलून तू टेम्पोत बसलास.

दोन दिवस मी हे वाक्य घेऊन बसले आहे. मला वाटत होतं आप्पांनी लाज वाटून दोर सोडला. त्यांनी माझ्यासाठी सोडला. मुलगी शास्त्र्याची पणती झाली, आता तिच्या बापानं देवळाच्या आवारात सगळ्यांदेखत दोर वळला तर तिचं खोटं पडेल. म्हणून त्या माणसानं हात बांधून घेतले आणि तुझं तोंड बांधलं. आणि मी तुला दोन महिने पत्रांतून खोटारडा ठरवत राहिले. तो दाखला मी अजून माफ केलेला नाही, आणि टायसुद्धा नाही. पण शास्त्रीबुवांपुरता तू बापाचं ऐकणारा मुलगा होतास. मूर्ख, पण ऐकणारा.

काल मी एकटीच कबरस्तानात गेले होते. तात्याबांच्या शिळेपासून चार पावलांवर आप्पा आहेत. चौसष्ट साली आपण दोघांनी मिळून त्यांचा दगड लिहून दिला. तू विचारलंस, धंदा काय लिहायचा? मी म्हटलं, ते नको, साधंच असू दे. तुला पटलं. सयाजी वायदंडे, जन्म, मृत्यू, आणि खाली एक ओळ कोरी. पाथरवटानं जागा सोडली होती, त्याला वाटलं आपण मागून सांगू.

पाथरवटाच्या मुलाशी मी बोलले आहे. गुरुवारी येतो म्हणाला. ‘दोर वळणारे’, एवढे दोनच शब्द टाकायचे आहेत. मी कोरून घेऊ शकते, पण एकटी घेणार नाही. ती जागा आपण दोघांनी कोरी ठेवली होती.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं निघ. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, दगडाशेजारी उभा राहा.

आक्का